योहानकाकांचं बेमालूम काम

योहानकाकांना चहा दिला की ते आधी त्यात बोट बुडवतात आणि ते बोट दुकानातल्या आपल्या शिसवी टेबलावर पुसतात. रंग जुळला तरच पितात. "पत्ती कमी पडली, वैनी. शिसवाला ह्यो रंग न्हाई चालायचा," असं ते माझ्या आईला तोंडावर बोलले आहेत.

सोनईत त्यांचं सुतारकामाचं दुकान आहे. तुटलेलं जोडणं कुणालाही येतं. काका तुटल्याचा पुरावाच नष्ट करतात. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत तऱ्हेतऱ्हेच्या लाकडांचा भुसा. जसं लाकूड तसा भुसा, त्यात सरस, आणि वरून रेघा ओढायला मांजराची गळलेली मिशी. मग गिऱ्हाईकाला भेग शोधायला बसवायचं. सापडली नाही की खूश! "सैतानाला बी घावायची न्हाई!"

गेल्या नाताळाच्या तोंडावर मी बायकोच्या गिटारवर बसलो. मुद्दाम नाही. एस्तेरच्या वडिलांनी, अप्पांनी, ती स्वतःच्या हातानं बनवली होती, आणि अप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. एस्तेर ट्रेनिंगला नगरला होती. मी गिटार चादरीत गुंडाळून काकांकडे पळालो.

"जावईबापू, घरात खुर्च्या न्हाईत व्हय?" म्हणून त्यांनी ती ठेवून घेतली.

चार दिवसांनी गिटार मिळाली. भेग गायब! मी सुटलो.

एस्तेरनं आल्या आल्या गिटार हातात घेतली आणि तिचा चेहरा उतरला. "अप्पांच्या नखांचे ओरखडे कुठं गेले?"

वाजवून वाजवून अप्पांनी पाडलेले ओरखडे काकांनी भेगेबरोबर बुजवले होते. मी सगळं कबूल केलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, ती रडली. तसेच मोटारसायकलवरून आम्ही सोनई गाठली.

काकांनी गिटार मांडीवर घेतली आणि टर्पेंटाइनचं फडकं हळूहळू फिरवलं. वर नुसतं मेण होतं. एकेक ओरखडा उघडा पडला.

"पालिश पेपर लावलाच न्हाई गं पोरी. लाववंना."

"मग झाकले कशाला?" मी चिडलो होतो, मुख्यतः पकडला गेल्यामुळे.

"चाळीस वर्सं चर्चमधी हिच्या बापाशेजारी बसून ढोलकी वाजवली म्या. त्या खुना दिसल्या की हातच चालंना. अन् तुमचं काम तर नाताळाआधी द्यायचं हुतं."

एस्तेरनं डोळे पुसले आणि तारा सुरात लावल्या. काकांनी सरसाचा डबा पुढ्यात ओढून ठेका धरला. रडत होते आणि रंगातही आले होते. अप्पांच्या आवडीची सगळी नाताळगीतं होईपर्यंत त्यांनी आम्हाला उठू दिलं नाही.