टेकचंदभाऊंचा बॉलडान्स

"येते ना आमाले बॉलडान्स!" असं टेकचंदभाऊ फोनवर व्याह्यांना बोलून गेले, आणि फोन ठेवल्यावर त्यांना घाम फुटला. लेक मेघाच्या रिसेप्शनला नागपूरचे व्याही श्यामराव आपल्या बायकोचा हात धरून विलायती पद्धतीने नाचणार होते. मुलीच्या आईवडिलांनीही नाचावं, असा त्यांचा आग्रह होता. आता माघार घेतली, तर कारध्याच्या टेकचंदभाऊंचं नाक भर हॉलमध्ये कापलं जाणार होतं.

घरीच शिकायचं ठरलं. बियाणं पारखावं तशी भाऊंनी दुकानात पुस्तकं पारखली. एक फार पसंत पडलं, पण त्याचे भाग दोन: एक पुरुषांच्या पावलांचा, दुसरा बायकांच्या. भाऊंनी पहिला उचलला. बायकोसाठी, ललिताबाईंसाठी, मोबाइलवर ढीगभर व्हिडिओ असताना दुसरा भाग कशाला?

व्हिडिओंचं मात्र जड गेलं. जो उघडावा त्यात बाई-बुवा एकमेकांना बिलगलेले.

"आईनं पायलं तं मले घराबायेर काढन," म्हणत भाऊ एकेक बाद करत गेले. शेवटी एक सभ्य सापडला. त्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घातलेला मास्तर एकटाच, आपल्याकडे पाठ करून, शांतपणे पावलं टाकत होता. भाऊंनी तो ललिताबाईंना धाडून दिला.

सराव अर्थातच वेगवेगळा. आईसमोर बायकोचा हात धरायची त्या घरात रीत नव्हती. भाऊ कोठीत धानाच्या पोत्याला कवटाळून नाचत, ललिताबाई स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीवर. दोघंही तरबेज झाले.

रिसेप्शनला श्यामराव पाण्यासारखे नाचले. मग भाऊंची पाळी. त्यांनी ललिताबाईंचे हात धरले आणि ऐटीत पाय पुढे टाकला. ललिताबाईंनीही तेवढ्याच ऐटीत पुढे टाकला. कपाळावर कपाळ आपटलं. पुन्हा टाकला, पुन्हा आपटलं.

"तू काहून पुढं येऊन राहिली?"

"तुमीच धाडला ना व्हिडिओ? मास्तर पुढंच जाते त्याच्यात!"

मास्तर पुरुषाची पावलं शिकवत होता, हे भाऊंच्या ध्यानात आलं; पण आता येऊन काय उपयोग? गाणं चालू होतं आणि सगळा हॉल बघत होता.

"अवं, बाईनं मांगं जा लागते," ते कळवळून कुजबुजले.

"धानाच्या रोवण्यात वाकून जनमभर मांगं मांगंच चालली मी. तुमी छत्री घेऊन बांधावर. आज तुमी जा मांगं!"

श्यामराव हसायच्या बेतात दिसले. भाऊ मुकाट मागे सरकू लागले.

"मले मांगचं दिसत नाही वं!"

"मले तरी कुठं दिसे? चला तुमी. बांध आला का सांगन."

मग मात्र नाच झकास जमला. ललिताबाई नेत होत्या, भाऊ जात होते. तिचा चेहरा इतका खुललेला त्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तो बघण्यात ते भान विसरले, आणि पोटऱ्यांना काहीतरी लागून थेट नवरा-नवरीच्या सोफ्यावर, लेक-जावयाच्या मधोमध बदकन बसले. लोकांना वाटलं, नाचाचा शेवटच तसा आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. श्यामरावांनी तर क्लासचा पत्ता विचारला.

"बांध आला का सांगन म्हणे ना तू?" भाऊ सोफ्यातूनच पुटपुटले.

ललिताबाईंनी पदर सारखा केला. "ते काम छत्रीवाल्याचं. तुमी तरी कधी सांगतलं?"