पॅनेलमागचे सुदाममामा

घराच्या कामाला कारागीर बोलावणारा माणूस मुळात आळशी असतो, असं माझं ठाम मत आहे. होतं म्हणा हवं तर! भिंतीला पट्ट्या ठोकायच्या, वर रंग फासायचा, यात शिकण्यासारखं आहे काय? मोबाईलवर चार व्हिडिओ बघितले की माणूस सुतार होतो, आणखी दोन बघितले की पेंटर. मी तर बघून बघून मोबाईल गरम केला होता!

प्रसंगच तसा होता. आमच्या जितेशनं आणि रुचिकानं एकमेकांना पसंत केलं होतं. पण रविवारी मुलीकडचे आमचं बेलवलीचं घर बघायला येणार होते. रुचिकाला वडील नाहीत. अंबरनाथला शिवमंदिराजवळ ती आई आणि मामाबरोबर राहते, आणि त्या घरात शेवटचा शब्द सुदाममामांचा. या मामांनी आधीची स्थळं नुसती घर बघून परत पाठवलेली! एका घरात पंखा कुरकुरत होता म्हणून, दुसऱ्या घरात कपाचा कान तुटलेला होता म्हणून!

आणि आमच्या हॉलच्या भिंतीला, बाथरूमच्या बाजूनं, ही एवढी ओल! पोपडे असे सुटलेले, की खाली बसलेल्याच्या चहात पडायचे.

जितेश रडवेला झाला. "पप्पा, मामांनी ही भिंत बघितली की माझं लग्न संपलं!"

"बघणारच नाहीत," मी म्हटलं. "भिंतच गायब करतो!"

उल्हासनगरला कमलेशभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी उभ्या खाचांचं पॅनेल पुढं टाकलं. "साईं, इसको बीडबोर्ड बोलते हैं. दीवार का सब पाप ढक जाता है! लेकिन ऑइल पेंट को सूखने का टाइम देना, हां."

टाइम द्यायला माझ्याकडे टाइम होता कुठे? शुक्रवारी पॅनेल ठोकलं, शनिवारी प्रायमर, त्यावर लगेच पिस्ता रंग. खाचांतून ब्रश, सपाटीवर रोलर. पट्ट्या उरल्या. चांगला माल टाकून कशाला द्यायचा? बाथरूमच्या दाराला मारल्या. तरी उरल्या. मग मेन दाराला आतून मारल्या. हँडल आणि कड्या मधे यायला लागल्या, त्या आतून-बाहेरून सगळ्या काढून टाकल्या. काय सांगू तुम्हाला, एक सलग पिस्ता भिंत! मला तर स्वतःचाच अभिमान वाटायला लागला.

बायको संजीवनी बाजारातून आली आणि हॉलच्या मधोमध उभी राहिली. "अहो, बाथरूम कुठंय?"

"हिडन डोअर! ढकललं की उघडतं. मोठमोठ्या हॉटेलांत असतं."

"आणि आतून?"

"आतून ओढायचं."

"कशाला धरून?"

हा मुद्दा व्हिडिओत नव्हता. "अगं, घर बघायला येणारी माणसं आंघोळ करतात का?" मी तिला गप्प केलं.

रविवारी मंडळी आली. पांढराशुभ्र शर्ट घातलेले सुदाममामा, रुचिकाची आई किर्तीताई आणि स्वतः रुचिका. मामांनी पंखा बघितला, कप उलटा करून बघितला आणि भिंतीसमोर थांबले. "वा, बाळाजीराव! कारागीर कोण?"

"हा काय, समोर उभाय!" मी छाती पुढं काढली.

मामांनी कौतुकानं भिंतीवरून हात फिरवला आणि अख्खा पंजा पिस्ता झाला! "जरा हात धुऊन येतो," ते म्हणाले. जितेशनं भावी मामेसासऱ्यांना अदबीनं दार ढकलून दिलं. मामा आत गेले आणि दार लावलं. खट्ट!

पाच मिनिटं गेली. भिंतीतून आवाज आला. "अहो! याला कडी कुठंय?"

मी उठलो आणि दार ढकलायला लागलो. हलेना! नीट बघितलं, तर मी भिंत ढकलत होतो. जरा सरकून पुन्हा ढकललं. तीही भिंतच! इतकी वर्षं ज्या दारातून रोज आत गेलो, ते मला सापडेना. तिसऱ्या ठिकाणी ढकललं तेव्हा पलीकडून कुणीतरी परत ढकललं. म्हणजे हेच!

"मामा, ढकलू नका! दार आत उघडतं! मागे सरका!"

"मागे सरकायला जागा ठेवलीय का तुम्ही? मागे टब आहे!"

मी आणि जितेश खांदा लावून उभे, पलीकडून मामा खांदा लावून उभे. मामा लहानपणी कुस्ती खेळायचे, ही माहिती किर्तीताईंनी तेवढ्यात पुरवली. "एक, दोन, तीन!" आम्ही जोर लावला, आणि नेमके त्याच वेळी मामा मागे सरकले. दार सताड उघडलं, मी आत, मामा टबात!

बाहेर आले तेव्हा मामांच्या शर्टातून पाणी ठिबकत होतं आणि माझ्या सदऱ्यावर उभ्या पिस्ता रेघा उमटल्या होत्या. कुणीतरी फिस्सकन हसलं. झालं!

"किर्ती, ऊठ! रुचिका, चल! ज्या घरात माणूस हात धुवायला जाऊन परत येत नाही, त्या घरात मी पोरगी देणार नाही! लग्न मोडलं!"

रुचिकाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जितेशचा चेहरा पांढरा पडला. खरं सांगतो, पोराचा संसार मी ब्रशनं पुसला होता!

मामा तरातरा निघाले. पण बाहेरचं दार कुठंय? शेजारी डोकावायला लागले म्हणून जितेशनं ते मघाशीच लावलेलं, आणि सगळीकडे पट्ट्याच पट्ट्या! कुणाला विचारणं मामांच्या रागात बसेना. त्यांनी इथं ढकललं, तिथं ढकललं. आता आमचं मेन दार उघडतं किल्ली घालून ओढलं की. ढकलून उघडणारं दार घरात एकच! ते उघडलं. मामा ताठ मानेनं आत गेले आणि आमच्या तोंडावर त्यांनी ते धाडकन आपटलं. खट्ट!

आतून दार चाचपल्याचा आवाज आला. मग हळूच, "अहो... हे परत तेच आहे का?"

मी धावलो. तेवढ्यात किर्तीताईंनी माझा दंड पकडला. एरवी भावापुढे ब्र न काढणारी बाई! पदर खोचून त्या दारापाशी गेल्या.

"दादा, मुलगा कसा वाटला?"

"आधी दार उघड!"

"आधी मुलगा."

"मुलगा... बरा आहे. घर वाईट आहे!"

"पोरगी घराशी लग्न करतेय का? पंख्यापायी एक स्थळ घालवलंस, कपापायी एक. हे मी घालवू देणार नाही!"

"मामा, मला जितेशच हवाय," रुचिका रडत रडत म्हणाली.

आतून खाकरल्याचा आवाज आला. "मुहूर्त काढा! पण आधी मला काढा!"

आम्ही टाळ्या वाजवल्या, पेढ्यांचा पुडा फोडला आणि मग मामांना काढलं. बाहेर येऊन त्यांनी दोन पेढे खाल्ले, जितेशच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याशी आजतागायत बोललेले नाहीत.

तर हे लग्न माझ्या पॅनेलनं जुळवलं, असं मी अख्ख्या बेलवलीला सांगत सुटलो होतो. हँडलचे स्क्रू मात्र मिळेनात. त्यामुळे आमच्याकडे एक जण आंघोळीला गेला की दुसरा दार ढकलायला बाहेर थांबतो. काल मी आंघोळ करून हाक मारली, "ढकल गं!"

बाहेरून संजीवनीचा शांत आवाज आला. "अहो, पॅनेल कधी काढताय?"

"काढतो की! आधी दार ढकल!"

"आधी तारीख सांगा."

आज सकाळपासून मी पट्ट्या उपटतोय.