अर्जदाराच्या दाराचा फोटो जोडावा

कोणतीही गोष्ट फुकट द्यायची म्हटली की ती भलत्याच्या हाती पडू नये याची काळजी आधी घ्यावी लागते. गोष्ट नंतर दिली तरी चालते. सोलापुरातलं आमचं ‘गरजवंत मोफत वकील मंडळ’ गेली अकरा वर्षं ही काळजी घेत आहे. मी त्याचा मानद चिटणीस. (मानद म्हणजे काम नाही, सही आहे.)

मंडळाचं कार्यालय जुळे सोलापुरात एका बंगल्याच्या तळमजल्यावर आहे. गरीब लोक जिथे राहतात तिथून ते चांगलंच लांब असल्यामुळे गर्दी होत नाही आणि प्रत्येक अर्जाकडे नीट लक्ष देता येतं. गेल्या वर्षी चारशे बारा अर्ज आले. त्यातले तीनशे नव्वद अपूर्ण निघाले. उरलेल्या बावीस जणांना वकील मिळाला. त्यांतले एकोणीस जुळे सोलापूरचेच होते, पण त्याला आमचा इलाज नाही. फॉर्म त्यांनाच नीट भरता येतो.

नियम साधे आहेत. अर्जदार गरीब असावा. आपण गरीब आहोत हे त्याने तोंडाने सांगू नये, उत्पन्नाच्या दाखल्याने सांगावं, तेही तीन प्रतींत. मग आमचा कारकून दिग्विजय गृहभेटीला जातो, अर्जदाराच्या दारावर मंजुरीपत्र चिकटवतो आणि दारासकट फोटो मोबाइलमधल्या अ‍ॅपवर चढवतो. अ‍ॅपने दार ओळखलं की वकील मंजूर. ही दाराची युक्ती माझी. दार खोटं बोलत नाही, असं मी बैठकीत म्हणालो होतो आणि टाळ्याही पडल्या होत्या.

अशा या निर्दोष व्यवस्थेत एक दिवस शुक्रवार पेठेतली बसव्वा आली. घरी बसून विड्या वळणारी बाई. बावीस वर्षं एकाच खोलीत भाड्याने. पदरात एक मुलगी, सोनाली, बारावीला.

“साहेब, मालकानं माजं दार नेलंय,” ती म्हणाली. “रंगवून आनतो म्हनला. दोन दिवाळ्या झाल्या की.”

“कुठला रंग?” दिग्विजयने विचारलं. फॉर्ममध्ये तपशिलाचा रकाना असतो.

“निळा.”

घरमालक गुरुसिद्धप्पा यांना तिथे तीन मजली इमारत उठवायची होती. भाडेकरूला काढायचं तर कायदा आडवा येतो. दाराला काढायला कोणी आडवं येत नाही. म्हणून त्यांनी दार काढलं आणि बसव्वा कंटाळून कधी जाते याची वाट पाहत बसले. किती अहिंसक माणूस!

“दार न्हाय तर घर सोडून हलता येत न्हाय,” बसव्वा सांगत होती. “कुनाची बी शेळी येती, विडीची पानं खाऊन जाती. मतं मागायला आलेली मानसं सरळ चुलीपातुर आली. त्याचं काय न्हाय वो साहेब. पन तरनी पोर हाय घरात. पडदा लावून किती दिस ऱ्हावं?”

हे ऐकून मला गलबलून आलं. (तशी इतिवृत्तात नोंद आहे.)

सर्व कागद बिनचूक निघाले आणि दिग्विजय गृहभेटीला गेला. तिथे अडचण आली. पत्र चिकटवायला दार नव्हतं. त्याने ते पडद्याला टाचणीने लावलं. अ‍ॅप म्हणालं, ‘दार दिसत नाही. पुन्हा प्रयत्न करा.’ त्याने ते उंबऱ्यात हातात धरलं. अ‍ॅप तेच म्हणालं. तेवढ्यात आलेल्या शेळीने पत्राची खालची बाजू, म्हणजे माझी सही, खाल्ली. शेवटी दिग्विजयने दुसरी प्रत शेजारच्या नागव्वाच्या दारावर चिकटवली आणि अ‍ॅपने लगेच नागव्वाला वकील मंजूर केला. नागव्वाचं कुणाशीही भांडण नव्हतं. वकील फुकट मिळालाय म्हटल्यावर तिने जावेशी काढलं.

बसव्वाचा अर्ज ‘दाराअभावी प्रलंबित’ या नव्या वर्गात ठेवला. ती दर महिन्याला नागव्वाला उंबऱ्यात बसवून, दोन रिक्षा बदलून यायची. आम्ही तिला दर वेळी समजावलं की दाराची तक्रार चालवायची तर आधी दार पाहिजे; दार तिथे घर, असा नियमच आहे. ती मान हलवायची. समजूतदार बाई.

दरम्यान गुरुसिद्धप्पांनीही अर्ज केला. त्यांचा वाडा पत्नीच्या नावे, गाडी मुलाच्या नावे, भाडी आईच्या नावे. त्यांच्या स्वतःच्या नावावर डायबेटीस सोडला तर काही नव्हतं. दाखला अगदी खरा होता. घराला सागवानी दार होतं, तेही दुहेरी. अ‍ॅपने ते क्षणात ओळखलं आणि बसव्वाला घालवण्यासाठी त्यांना आमचा वकील मिळाला.

माणूस उपकार विसरणारा नव्हता. आमच्या कार्यालयाला नुसतं शटर आहे हे पाहून त्यांनी मंडळाला एक दार भेट दिलं. आम्ही नारळ फोडून ते बसवलं आणि त्यावर ‘गरिबांसाठी सदैव उघडे’ असं लिहून घेतलं.

पुढच्या महिन्यात बसव्वा आली ती त्या दारापाशीच थांबली. कडीच्या बाजूला चाकूने कोरलेल्या दहा बारीक रेघा होत्या. पहिलीपासून दहावीपर्यंत दरवर्षी सोनालीला तिथे उभं करून तिची उंची कोरलेली. बसव्वाने खालच्या रेघेपासून वरच्या रेघेपर्यंत बोट फिरवलं.

“व्हय,” ती म्हणाली. “निळाच दिलाय की.”

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्यालय उघडायला गेलो तर बसव्वा शेगडी, सूप, पानांचा भारा आणि सोनालीला घेऊन आत शिरली. “तुमीच म्हनला न्हव का, दार तितं घर,” ती म्हणाली आणि शेंगाचटणीचा डबा माझ्या टेबलावर ठेवून, कडी आतून लावून, विड्या वळायला बसली. दोन वर्षांनी पहिल्यांदा तिची पाठ दाराकडे होती. दिग्विजयने बाहेरून, निव्वळ सवयीने, दारावर पत्र चिकटवून फोटो काढला. अ‍ॅप म्हणालं, ‘पडताळणी यशस्वी.’

वकील तिला मिळाला. मंडळाकडे आहे एकच आणि एका भांडणात तो दोन्हीकडून उभा राहू शकत नाही, त्यामुळे गुरुसिद्धप्पांचा सुटला. वकिलाने पहिली नोटीस नियमाप्रमाणे दार ज्याच्या ताब्यात आहे त्याला पाठवली. म्हणजे मला.

आता मंडळाला वकील हवा आहे, आणि आमच्याच नियमांनुसार आम्ही गरीब ठरत नाही. तेव्हा वाचकहो, तुम्हालाच विनंती. तुमच्या ओळखीत एखादा वकील असेलच. तुमचा साडू, नाहीतर वर्गमित्र. मागच्या लग्नात पंगतीत तुम्ही मुद्दाम त्याच्या शेजारी पान धरलंत आणि मठ्ठा वाढेपर्यंत सोसायटीच्या पार्किंगचा सल्ला पदरात पाडून घेतलात, तोच. त्याचा नंबर कळवा. बसव्वाला असा एकही माणूस ठाऊक नव्हता, म्हणून तर ती आमच्याकडे आली. आणि जमल्यास हेही कळवा, की त्या पंगतीत त्याने तुमच्याकडे दाखला कितीचा मागितला होता.