‘बंद’ बटणाचं पुनर्वसन

एखाद्या गोष्टीला भारदस्त नाव मिळालं की ती नीट चालायची गरज उरत नाही. याच पायावर एका सॉफ्टवेअर कंपनीची नामकरण समिती उभी होती. सदस्य नऊ, पैकी संगणक वापरणारा एक (तोही पत्ते खेळायला).

समितीचं काम मात्र चोख. ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्त्यांना पूर्वी नंबर असायचे. त्यामुळे नवी कुठली, जुनी कुठली हे कुणालाही कळायचं. ही त्रुटी दूर करून ढगांची नावं दिली गेली.

यंदा पाळी आली ‘बंद’ बटणाची.

“फार तोडून बोलल्यासारखं वाटतं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. तीन बैठकांनंतर ‘पुनर्भेटीची तयारी’ असं ठरलं.

ते बटण कंपनीतल्या एका तरुण प्रोग्रॅमरनं बनवलेलं; त्याला सगळे चष्मिष म्हणत. तो तडक अध्यक्षबाईंकडे गेला. त्याचे बाबा शिंपी. दोन महिने खपून ते चार शब्द शिकले होते: उघडा, लिहा, ठेवा, बंद. एवढ्यावर दुकानातली सगळी मापं संगणकात चढवली होती, आणि मापांची वही माळ्यावर टाकली होती.

“मॅडम, बाबांचा एक शब्द जातोय.”

“एकच ना? तीन राहतायत की!”

“मग इतर प्रोग्रॅम सिस्टिमला जी कमांड देतात, तीही ‘बंद’च आहे. ती पण बदलू?”

“वेडा आहेस का? हजारो प्रोग्रॅम अडतील!”

म्हणून आत ‘बंद’ राहिलं, बाहेरचं गेलं. तर्क बिनतोड होता. प्रोग्रॅम अडला तर बोंब मारतो. माणूस अडला तर स्वतःलाच मूर्ख म्हणतो.

सोमवारी बाबांचा फोन. “अरे, बंद कुठे गेलं?”

“‘पुनर्भेटीची तयारी’ दाबा, बाबा.”

“मला कुणाला भेटायचं नाहीये रे, घरी जेवायला जायचंय!”

त्यांनी वायर उपटली. मग रोजच उपटू लागले. सातव्या दिवशी संगणक उठेचना. सत्तर गिऱ्हाइकांची मापं आतच राहिली.

“जाऊ दे, माझंच चुकलं,” बाबा म्हणाले. “आपल्याला नाही जमत हे.” आणि शिडी लावून माळ्यावर चढले.

चष्मिष तक्रार करायला बसला. तक्रारीचं बटण त्यालाही सापडेना (त्याचं नाव आता ‘स्नेहसेतू’).

वार्षिक अहवालात तक्रारी शून्य, समाधान शंभर टक्के. ‘माझंच चुकलं’ म्हणणारे सगळे समाधानी गटात धरलेत. मागच्या अपडेटनंतर तुम्हीही तसंच पुटपुटला होतात. समिती तुमची आभारी आहे.