वेळ खरी की पत्रिकेची?

नवरा-नवरी मांडवात नसताना अक्षता टाकणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. एकदा नाही, निदान चाळीस वेळा.

पत्रिकेत छापलेलं असतं: शुभमुहूर्त, ११ वाजून ४२ मिनिटे. आता अकरा बेचाळीसला आमच्या मोताळ्यात काय चाललेलं असतं? नवरदेव रस्त्यावर, घोड्यावर. घोड्यापुढे डीजे. डीजेपुढे नवरदेवाचे मामा, दोन्ही हात वर. नवरी पार्लरमध्ये. भटजी चहाला. मांडवात फक्त माझ्या खुर्च्या असतात, कारण मंडप-बिछायतीचा धंदा माझा. आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर मनगट डोळ्यांपुढे धरून बसलेले पुंडलिक काका.

बेचाळिसावं मिनिट लागलं की काका उठतात, रिकाम्या स्टेजकडे तोंड करून 'शुभमंगल सावधान' म्हणतात आणि मूठभर अक्षता फेकतात. मग नवरीच्या बापाला शोधून काढून नमस्कार घालतात. "लागलं लगन. सुखी राहो."

"काका, थांबा न, आता लागूनच राह्यलं," तो बिचारा म्हणतो.

"लागलं. आता जे लागन ते दुसरं."

आणि चालायला लागतात. जेवण तयार असेल तर जेवून, नसेल तर तसेच.

काकांचा छापखाना आहे. आहे म्हणजे अजून आहे, याचंच लोकांना नवल. सगळं जग फ्लेक्सवर गेलं, पण काकांचं पायानं चालवायचं मशीन गल्लीच्या टोकाला खटक-खटक करत असतं. अर्ध्या तालुक्याच्या पत्रिका त्यांनी शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा जुळवून छापल्या. मजकूर घेऊन आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते चष्म्यावरून पाहत एकच प्रश्न विचारतात, "वेळ खरी की पत्रिकेची?"

गिऱ्हाईक हसतं. काका हसत नाहीत. "माह्या इथं छापलेलं खोटं ठरलं, तं खोटं कोण बोललं? मी."

राजकारणात काका जुन्या वळणाचे. मतदानाला सकाळी सातला रांगेत पहिले. बाहेर आले की मी मुद्दाम विचारतो, "कोणाले देल्लं काका?"

"ज्यानं झेंडा बदलवला नाई त्याले."

"असा कोणी उभा होता का?"

"नव्हता. मंग ज्यानं एकदाच बदलवला त्याले देल्लं."

प्रत्येक निवडणुकीची पत्रकं त्यांनी छापली आणि प्रत्येकाची एक प्रत तारेत ओवून भिंतीला टांगली. एकदा एक उमेदवार मतं मागायला छापखान्यात आला. मागे वीस-पंचवीस कार्यकर्ते, गळ्यात नव्या रंगाचा गमछा. काकांनी शांतपणे तारेतून दोन कागद काढले आणि त्याच्यापुढे ठेवले. दोन्हीवर त्याचाच फोटो, हात जोडलेला. खाली पक्ष वेगळे, आणि दुसऱ्यात पहिल्या पक्षाला चोर म्हटलेलं.

"फोटो तं जुनाच चालला भाऊ तुले," काका म्हणाले. "मंग माणूस काऊन बदलवला?"

उमेदवार निवडून आला, हे सांगायला नकोच. पण छापखान्याच्या गल्लीतून त्याची गाडी पुन्हा गेली नाही.

काकांचं दुसरं पालुपद, "घरातलं घरात, चौकातलं चौकात." वाढदिवस घरात करावा, सभा चौकात करावी. हल्ली उलटं झालं आणि तिथूनच देश बिघडला, असं त्यांचं मत. चौकात एका पोरसवदा गड्याचा 'भावी सरपंच' म्हणून फ्लेक्स लागला, तर काका त्याच्या बापाकडे गेले. "भावी म्हंजे काय बे? भावी तं मीबी हाय. भावी स्वर्गवासी. लावू का फ्लेक्स?"

हल्ली लग्नात मोठा पडदा लावतात आणि त्यावर नवरा-नवरीचे लग्नाआधी काढलेले फोटो दाखवतात. राजूरच्या घाटात दोघं पळताहेत, मग एकमेकांकडे पाहताहेत, मग पुन्हा पळताहेत. असं एक पळणं अर्धा तास चालल्यावर काका उठले आणि त्यांनी एक वायर उपटली. ती नेमकी मुख्य निघाली. पडदा गेला, पंखे गेले, माईक गेला, डीजे गेला. मी कपाळाला हात लावला, पण मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. कित्येक तासांनी लोकांना एकमेकांचं बोलणं ऐकू आलं होतं.

खरं सांगायचं तर दहातल्या सात गोष्टींत मला काकांचं पटतं. पण मी मंडपवाला. मला पटून चालत नाही.

तर अशा माणसाच्या मुलीनं आपलं लग्न आपण ठरवलं.

काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या. घरात काका आणि अर्चना, बाप-लेक दोघंच. अर्चना तहसील कार्यालयात कारकून. बापासारखीच काटेकोर, फक्त हसते जास्त. मुलगा रोहिणखेडचा, गुरांचा डॉक्टर, बौद्ध घरातला. नाव प्रशांत. पोरगा लाख मोलाचा, हे काकांनाही माहीत होतं, कारण त्यांच्या शेजाऱ्याची अडलेली गाय त्यानंच सोडवली होती.

"जात मी मानत नाई," काका म्हणाले. "पण रीत मानतो. अन् रीत लोकाईची असते."

"लोकाईले इचारून जेवता का बाबा तुमी?" अर्चना म्हणाली.

"तुले कराचं ते कर. मी येत नाई लग्नाले."

त्यानंतर तीन महिने बाप-लेक एकमेकांशी बोलले ते माझ्यामार्फत. मी शेजारी, भिंतीला भिंत. सकाळी काकांची हाक यायची, "ए मंडपवाल्या, तिले सांग, भाजीत मीठ कमी हाय." मी अर्चनाकडे पाहायचो. ती त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. "त्याईले सांगा भाऊ, डॉक्टरनं कमीच सांगतलं हाय." मी काकांकडे वळायचो. "ऐकलं मी," काका म्हणायचे. एवढ्या मोठ्या घरात दोनच माणसं, आणि मध्ये मी, माईकसारखा.

एक दिवस मी छापखान्यात बसलो होतो, तेव्हा दारात एक उंच, सावळा, ताठ माणूस येऊन उभा राहिला. पांढरा सदरा, हातात घडी घातलेला कागद.

"पत्रिका छापाची हाय," तो म्हणाला.

मी ओळखलं. काकांनीही ओळखलं. ते सुखदेवजी होते, प्रशांतचे वडील, यस्टीचे निवृत्त ड्रायव्हर. काका काहीतरी तोडून बोलतील म्हणून मी खुर्चीच्या टोकावर सरकलो. पण आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, हीही काकांची रीतच. त्यांनी हात पुढे केला, कागद घेतला, चष्मा खाली ओढला.

"वेळ खरी की पत्रिकेची?"

"पंचवीस वर्षं गाडी चालवली, बाप्पा," सुखदेवजी म्हणाले. "बारा म्हंजे बारा."

काकांनी प्रथमच मान वर केली. "अन् हे काय? 'सायंकाळी ठीक ४ वाजता वधूवरांचे रोहिणखेडकडे प्रस्थान'? पत्रिकेत असं कोणी लिवत नाई."

"सुटाची वेळ लिवल्याबिगर गाडी कशी सुटन? मीच चालवनार हावो."

"लगन मोताळ्यात ठेवलं?"

"नवरीच्या गावात लगन लागलं पाह्यजे. तशी रीत हाय न."

काका पुढे वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले. मला ती ओळ उलटी दिसत होती, तरी वाचता आली. श्री. पुंडलिक यांची ज्येष्ठ कन्या. आणि खाली, आपले विनीत म्हणून दोन नावं. सुखदेव. पुंडलिक.

"तुमचं नाव टाकलं हाय," सुखदेवजी हळूच म्हणाले. "काढाचं असन तं काढा. खिळेबी तुमचे, नावबी तुमचं."

मशीन बंद होतं, तरी मला खटक-खटक ऐकू येत होतं. ते माझ्या छातीतलं असावं.

"याच्यात एक चूक हाय," काका म्हणाले.

सुखदेवजींचा चेहरा उतरला.

"ज्येष्ठ काऊन लिवलं? मले दुसरी हाय कुठं? 'एकुलती' पाह्यजे."

आणि त्यांनी खिळे जुळवायला घेतले.

सुखदेवजी गेल्यावर माझ्या जिभेला खाज सुटली. "काका, नाव छापून राह्यले म्हंजे येता न लग्नाले?"

"नाई."

"मंग छापलेलं खोटं ठरन न."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून उभाच राहिलो. "तू तुहा मंडप सांभाळ," ते म्हणाले.

लग्नाच्या दिवशी मी मंडप असा सांभाळला की विचारू नका. पडदा लावला नाही, डीजेला पाय ठेवू दिला नाही. साडेअकराला सगळे हजर. बौद्ध लग्नं तरी वेळेवर लागतात असं समजू नका. आमच्या तालुक्यात लग्नाच्या रीती दहा असतील, उशीर सगळ्यांचा एकच. पण सुखदेवजींनी आदल्या दिवशी सगळ्या पाहुण्यांना बजावलं होतं, बारानंतर आलेल्याला गाडी सुटलेली दिसेल.

पावणेबारा झाले. काका नाहीत. नवरा-नवरी स्टेजवर आले, पांढऱ्या कपड्यांत, दोघंही घाबरलेले. दहा मिनिटं उरली. पहिल्या रांगेतली एक खुर्ची मी रिकामी ठेवली होती. तिच्यावर कोणी बसायला लागलं की मी माईकवरून ओरडत होतो.

पाच मिनिटं उरली. आता कुजबुज सुरू झाली. जुनी माणसं सुखदेवजींभोवती जमली. "पोरीचा बाप हाय. दहा-पंधरा मिनिटं थांबू. त्यात काय बिघडते?"

सुखदेवजी एकदा घड्याळाकडे आणि एकदा रस्त्याकडे पाहत होते. पंचवीस वर्षांत एखाद्या पॅसेंजरसाठी इतका वेळ त्यांनी आरशात पाहिलं नसेल. शेवटी ते स्टेजपाशी गेले. "पोरी, तू सांग. थांबू का?"

अर्चनाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज तहसील कार्यालयातला होता. "नाई. बारा म्हंजे बारा. ते आले असतीन अन् आपण दहा मिनिटं थांबलो, तं ते वापस जातीन."

बारा वाजले. प्रतिमांना हार घातले होतेच. वंदनेचा पहिला शब्द उच्चारला गेला, आणि स्टेजमागच्या कापडी कनातीवरून मूठभर पिवळे तांदूळ आले आणि सरळ नवरा-नवरीच्या डोक्यावर पडले.

वंदना क्षणभर अडखळली. आमच्याकडं फुलं असतात, अक्षता नाही, असं कोणीतरी पुटपुटलं.

"पडू द्या," सुखदेवजी म्हणाले. "वेळेवर पडल्या."

मी धावत मागे गेलो आणि कनात उचलली. काका उभे होते. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, टोपी, आणि मनगट अजून डोळ्यांपुढे.

"कवापासून उभे हा इथं?"

"साडेअकरापासून."

"अन् आत काऊन नाई आले?"

"पाहून राह्यलो होतो. वेळ खरी की पत्रिकेची."

"मंग?"

काकांनी मनगट खाली केलं. "खरी," ते म्हणाले, आणि वाकून कनातीखालून आत आले. रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. सगळ्या मांडवानं असा श्वास सोडला की माझी झालर हलली, असं मी अजून शपथेवर सांगतो. पुढे नवरा-नवरीवर फुलं टाकायची वेळ आली तेव्हा शेजारच्या बाईंनी काकांच्या हातात पाकळ्या दिल्या. त्यांनी त्या निरखून पाहिल्या आणि मग टाकल्या. व्यवस्थित, एकेक करून, खिळे जुळवल्यासारख्या.

त्या दिवशी काका जेवून गेले नाहीत. जेवले, पण गेले नाहीत. पंगतीत वाढत फिरले. मग सुखदेवजींशेजारी बसले, आणि झेंडा बदलणाऱ्यांचं काय करावं यावर दोघांचं पूर्ण एकमत झालं. दोन जुन्या वळणाची माणसं एकत्र आली की तिसऱ्याला बोलायला जागा राहत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग चार वाजत आले.

जीप सजून उभी होती. सुखदेवजी स्टिअरिंगवर बसले आणि त्यांनी गाडी सुरू केली. प्रशांत आणि अर्चना मागे. मी माईक हातात घेऊन सज्ज, कारण ठीक चारला 'प्रस्थान' जाहीर करायचं होतं. काका जीपच्या खिडकीशी उभे होते. तीन महिने न बोललेली बाप-लेक. अर्चनानं हात बाहेर काढला. काकांनी तो धरला.

चार वाजले. मी तोंड उघडलं.

"पाच मिनिटं थांबा न," काका म्हणाले.

माझा हात हवेतच राहिला. छापलेली वेळ मोडा असं या माणसाच्या तोंडून मोताळ्यानं कधी ऐकलं नव्हतं. मी वळून सुखदेवजींकडे पाहिलं. त्यांनी घड्याळ पाहिलं, आपल्या व्याह्यांकडे पाहिलं, आणि मिशीत हसले.

"पाच मिनिटं खरी की पत्रिकेची, इवाई?"

काकांनी मुलीचा हात सोडला नाही.

"पत्रिकेची," ते म्हणाले.

सुखदेवजींनी इंजिन बंद केलं. मी माईक बंद केला.