यादीत नाव नाही

टॉलिव्हर काउंटीत कोण आत आहे आणि कोण बाहेर, हे आपल्याला शेरीफच्या आधी कळतं, असं व्हर्नाबाई स्टबलफील्ड चारचौघांत सांगायच्या. चारचौघांना ते खरंही वाटायचं. कारण रोज सकाळी सात वाजता बाई कॉफीचा मग घेऊन कॉम्प्युटरसमोर बसायच्या आणि काउंटी जेलची यादी वरपासून खालपर्यंत वाचून काढायच्या. तशी ती यादी सगळं गावच वाचतं. नाव, फोटो, वय, उंची, वजन, गुन्हा. गावचा पेपर बंद पडल्यापासून दुसरं वाचायला आहे काय? पण बाकीचे चोरून वाचतात. व्हर्नाबाई साडेसातला चर्चमधल्या ओपलला फोन लावून ती चक्क मोठ्यानं वाचून दाखवायच्या. वय आणि वजन आलं की जरा थांबायच्या, म्हणजे ओपलला ‘अगं बाई’ म्हणायला वेळ मिळावा. आणि ‘कोर्टाच्या तारखेला गैरहजर’ असं आलं की जीभ टाळ्याला लावून च्‌ च्‌ करायच्या. कोर्टानं बोलावलं की जायचं, त्यात एवढं काय अवघड आहे, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

स्वतः बाई गेली आठ वर्षं एकोणसाठ वर्षांच्या होत्या. नवरा देवाघरी गेलेला, घरात सोबतीला डीकन नावाचा बीगल कुत्रा. पट्टा बांधला की डीकनच्या मनाला लागतं, असं बाईंचं मत होतं. त्यामुळे आसपासच्या तीन काउंट्यांमधल्या जत्रा त्यानं मोकळ्या गळ्यानं पाहिल्या होत्या.

तर त्या शुक्रवारी सकाळी नऊ वाजता बाईंच्या भाचीचा, रेलिनचा, फोन आला. शनिवारी अकराला तिचं लग्न. बाप हार्लन सकाळी सातला ट्रक घेऊन तालुक्याच्या गावी केक आणायला गेला तो आलाच नाही, फोनही उचलत नाही. अर्ध्या तासाचा रस्ता.

हार्लन म्हणजे व्हर्नाबाईंचा धाकटा भाऊ. माणूस साधा, मासे धरण्यापलीकडे व्यसन नाही. मार्चमध्ये त्याची बायको गेली. जाण्याआधी तिनं त्याच्याकडून एकच वचन घेतलं होतं, की पोरीचा हात धरून तिला चर्चमध्ये तूच न्यायचंस. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी अंगणात एकटाच, एक हात कोपरात वाकवून, हळूहळू चालायचा सराव करायचा. असा माणूस लग्नाच्या आदल्या दिवशी गायब होतो म्हणजे काहीतरी वाईटच घडलंय.

“आत्या, पोलिसांनी तर नाही ना धरलं?” रेलिननं विचारलं.

“एका मिनिटात सांगते,” बाई म्हणाल्या.

मिनिटात सांगितलंसुद्धा. यादी उघडली, प्रुइट हे माहेरचं आडनाव शोधलं, नव्हतं. पुन्हा वरून खाली पाहिलं. तिघं दारू पिऊन गाडी चालवणारे, एक शेजाऱ्याचं डुक्कर चोरणारा, पण प्रुइट नाही. हार्लन जेलमध्ये नाही, बाईंनी निकाल दिला, ही लाख रुपयांची गोष्ट समज.

आता जो जेलमध्ये नाही तो कुठे आहे, असा प्रश्न उभा राहिला. हॉस्पिटलात नव्हता. केकवालीनं सांगितलं की तो आठालाच केक घेऊन निघाला. मग बाईंच्या मनात तळं आलं. हार्लनच्या घराखालीच तळं, बायको गेल्यापासून तो तासन्‌तास तिथं बसायचा. बाईंनी ओपलला फोन केला. ओपलचा नवरा गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख. दलाकडे बोट एकच, पण हौस दहा बोटींची. दहा वाजता तळ्यात गळ टाकून शोध सुरू झाला.

धक्क्यावर हार्लनची टोपी सापडली.

ती टोपी तिथं कायमच असायची, आणि ट्रक तर घरापाशी नव्हताच, पण हे त्या वेळी कोणाला सुचणार? रेलिन डोक्यात कर्लर तशीच किनाऱ्यावर उभी. चर्चच्या बायकांनी तिला धरून ठेवलेलं. पाद्रीबुवा उद्याच्या लग्नाचं भाषण घेऊन आले होते, ते खिशात घालून वेगळंच काहीतरी आठवायला लागले. बोट दर दहा मिनिटांनी थांबायची, गळाला काहीतरी जड लागायचं, सगळे पाण्याकडे सरकायचे आणि वर यायचं टायर. एकूण सात टायर आणि एक वॉशिंग मशीन निघालं. व्हर्नाबाईंच्या हातात मोबाईल होता. करण्यासारखं काहीच नाही म्हणून त्या सवयीनं यादी उघडत होत्या आणि मिटत होत्या.

बारा वीसला यादीत नवं नाव आलं. प्रुइट, हार्लन. वय एकसष्ट. कोर्टाच्या तारखेला गैरहजर.

“सापडला!” बाई किंचाळल्या. “जेलमध्ये आहे गं, देवाची कृपा, जेलमध्ये आहे!”

बाप जेलमध्ये आहे म्हणून नवरी आनंदानं रडतेय, असं दृश्य त्या काउंटीनं पहिल्यांदाच पाहिलं. बोटीतल्यांनी टोप्या उडवल्या. व्हर्नाबाईंनी च्‌ च्‌ करायचं मात्र टाळलं. शेवटी सख्खा भाऊ.

पण गंमत पुढेच. आता जेलला जाऊ, सोडवून आणू, असं चाललेलं असताना एकच्या सुमाराला बाईंनी पुन्हा यादी पाहिली तर नाव गेलेलं. बाईंची छाती फुगली. सोडला त्याला, म्हणाल्या, यादीत नाही म्हणजे बाहेर, येतोच आहे घरी, जा सगळे आणि कपड्यांना इस्त्री करा. सगळे गेले. बाईंनीही जांभळा पोशाख घातला, मोराचं पीस लावलेली नवी हॅट डोक्यावर बसवली. पाच वाजता चर्चमध्ये लग्नाची रंगीत तालीम होती.

दीड वाजला, पावणेदोन वाजले, हार्लनचा पत्ता नाही. रेलिनचे फोनवर फोन. शेवटी व्हर्नाबाई हॅटसकट जेलच्या खिडकीपाशी जाऊन थडकल्या. खिडकीत डॉटी. ती लहान असताना बाईंनीच तिच्याकडून रविवारच्या शाळेत दहा आज्ञा घोकून घेतल्या होत्या.

डॉटीनं शांतपणे सांगितलं की हार्लनला सकाळी सव्वाआठ वाजता नाक्यावर लायसन्स तपासताना धरलं. वॉरंट शेजारच्या बॅस्कम काउंटीचं. त्यामुळे पाऊण वाजता बॅस्कमची गाडी येऊन त्याला घेऊन गेली.

“मग सकाळी यादीत का नव्हता?”

“फोटो आणि ठसे झाल्याशिवाय नाव चढत नाही, बाई. मशीन बिघडलं होतं.”

“म्हणजे आम्ही तळं उपसत होतो तेव्हा हा कुठे होता?”

“इथेच, बाकावर. कॉफी पीत होता. छान माणूस आहे.”

“आणि इथून नेला तर तसं लिहायला काय होतं?”

“ती आमच्या कोठड्यांची यादी आहे, बाई,” डॉटी म्हणाली. “आमच्या कोठडीत नाही तो आमच्या यादीत नाही. पुढे तो घरी गेला की चंद्रावर, ते यादीला माहीत नसतं.”

बारा वर्षं रोज यादी वाचणाऱ्या बाईला ही गोष्ट आज कळत होती. जन्मभर स्वयंपाकघरात राहून मिठाचा डबा शोधणाऱ्यातली गत. पण लाजायला वेळ नव्हता. डॉटीनं पुढचं सांगितलं ते जास्त वाईट होतं. बॅस्कमचे जज शुक्रवारी चारपर्यंतच बसतात, त्यानंतर एकदम सोमवारी. आज सुनावणी झाली नाही तर हार्लन लग्नाच्या दिवशी कोठडीत. आणि सुटायचं तर तारखेला का आला नाही याचं काहीतरी कागदी कारण लागेल.

तारीख होती अठरा मार्च. लायसन्स नसताना बॅस्कमच्या तळ्यात मासे धरले, त्याची. व्हर्नाबाई खिडकीपाशी एकदम खाली बसल्या. अठरा मार्चला त्यांच्या भावजयीला मूठमाती दिली होती. त्या दिवशी चर्चमध्ये वाटलेलं पत्रक, वर भावजयीचा फोटो आणि खाली तारीख, बाईंच्या पर्समधल्या बायबलात अजून होतं.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. बॅस्कमला डोंगरातून चाळीस मैल.

त्या रस्त्याचं काय सांगावं? पुढे कोळशाचा ट्रक, तो वळणावर गोगलगायीसारखा आणि सरळ रस्त्यावर मात्र मधोमध. त्यातून सुटल्या तर रस्त्याचं काम. लाल पाटी धरून उभ्या असलेल्या माणसाला बाईंनी काच खाली करून सगळी हकीकत सांगितली. त्यानं ऐकून घेतली, डोळे पुसले, पण पाटी काही फिरवली नाही. बारा मिनिटं गेली. मागच्या सीटवर डीकन भुंकत होता, कारण घाईत त्याला घरी ठेवायचं राहून गेलं होतं. बाईंची हॅट गाडीच्या छताला लागून चेपली होती आणि पीस नाकावर आलं होतं.

बॅस्कमच्या जेलपाशी पोचल्या तेव्हा तीन वाजून पस्तीस. खिडकीत प्रॅट नावाचा तरुण डेप्युटी होता, अगदी अदबीचा. त्यानं पत्रक घेतलं, तारीख पाहिली, भावजयीचा फोटो पाहिला, स्वतःची टोपी काढली. हे लगेच जजसाहेबांपुढे ठेवतो, म्हणाला. फक्त कागद कुणी दिला ते वहीत लिहायचं असतं, नाव सांगा.

नुसतं नाव. तो लिहायला लागलासुद्धा होता. पण सकाळपासून व्हर्नाबाईंचा सगळीकडे पचका झालेला. एका तरी ठिकाणी आपला रुबाब दिसावा, असं त्यांना वाटलं. त्यांनी पर्समधून लायसन्स काढून खिडकीतून आत सरकवलं.

“व्हर्ना स्टबलफील्ड,” बाई म्हणाल्या. “सदुसष्ट वर्षांत माझ्या नावाला डाग नाही. हवं तर तपासून बघ.”

“गरज नाही, मॅडम.”

“तू बघच.”

प्रॅटनं वडीलधाऱ्या बाईचा मान राखला आणि नंबर टाकला. मग तो पडद्याकडे पाहत राहिला. पत्रक त्यानं आधी दुसऱ्या माणसाच्या हाती जजकडे पाठवलं, तेवढी माणुसकी दाखवली. मग घसा साफ केला.

“मॅडम, डीकन कोण?”

चार वर्षांपूर्वी बॅस्कमच्या जत्रेत डीकननं भोपळ्यांच्या स्पर्धेतल्या पहिल्या नंबरावर तंगडी वर केली होती. पट्टा नसल्याबद्दल बाईंना कोर्टाची चिठ्ठी मिळाली होती आणि त्यांनी ती पंचांच्या तोंडावर फाडली होती. फाडली की संपली, अशी त्यांची समजूत.

“तारखेला गैरहजर आहात,” प्रॅट खाली बघत म्हणाला. “मला दार उघडावं लागेल.”

तीन पन्नासला जजनी पत्रक वाचलं, हार्लनला म्हणाले, जा आणि मुलीचं लग्न लाव. तीन पंचावन्नला हार्लन कॉरिडॉरमधून बाहेर निघाला, तेव्हा समोरून प्रॅटबरोबर व्हर्नाबाई आत चालल्या होत्या. हॅट प्रॅटच्या हातात होती.

“ताई? तू कुठे निघालीस?”

“माझं सोड. तू निघ. केक ट्रकमध्ये आहे का?”

“आहे, ट्रक नाक्यावरच आहे. पण ताई...”

“माझी गाडी घेऊन जा. डीकन आत आहे, त्यालाही ने. आणि हार्लन, डावा हात वाकवायचा. तू रोज उजवा वाकवतोस, मी खिडकीतून बघते.”

हार्लननं डावा हात वाकवून पाहिला. त्याचे डोळे भरले. आत घड्याळानं चार वाजवले आणि जजसाहेब मासे धरायला निघून गेले. त्यांच्याकडे लायसन्स होतं.

शनिवारी सकाळी साडेसातला पहिल्यांदाच व्हर्नाबाईंचा फोन आला नाही म्हणून ओपलनं स्वतः यादी उघडली. टॉलिव्हरच्या यादीत काही खास नव्हतं म्हणून सहज बॅस्कमची पाहिली, आणि मग चर्चच्या एकूण एक बाईला फोन लावला. फोटोत हॅटमुळे केसांत पडलेला गोल खळगा स्पष्ट दिसत होता. वय सदुसष्ट, ओपलनं वाचलं आणि थांबली. वजन दोनशे चौदा पौंड, जेलच्या काट्यावर. पुन्हा थांबली. अगं बाई म्हणायला प्रत्येकीला पुरेसा वेळ मिळाला.

अकरा वाजता हार्लननं डावा हात वाकवला आणि रेलिनला चर्चमध्ये नेलं. पहिल्या रांगेत व्हर्नाबाईंच्या खुर्चीवर डीकन बसला होता. त्याला पट्टा होता.

सोमवारी सकाळी जज आले, बाईंचं ऐकलं आणि कागदावर सही केली. हार्लन घरी कॉम्प्युटरसमोरच बसला होता. नऊ वाजता बॅस्कमच्या यादीतून स्टबलफील्ड हे नाव गेलं. त्यानं केकचा उरलेला वरचा मजला डब्यात भरला, ट्रक काढला, चाळीस मैल तुडवून बॅस्कमला पोचला आणि बहिणीला घरी न्यायला आलोय म्हणून सांगितलं.

त्या इथे नाहीत, प्रॅट म्हणाला. नऊ वाजता हार्गिस काउंटीची गाडी येऊन घेऊन गेली. तिथल्या जत्रेतही डीकन होता.