हाडकेरावांची मंद आचेवरची कोंबडी

एका जंगलात, बाळांनो (घाबरू नका, ते तुमच्या गावापासून लांब आहे), हाडकेराव नावाचे एक तरस राहत. त्यांच्या आजोबांनी रेड्याची शिंगं चावून पचवली होती. हाडकेरावांचं पोट मात्र हल्ली बिघडलं होतं. आंबट ढेकर काय, गुडगुड काय, विचारूच नका.

ते आहारतज्ज्ञांकडे गेले. तज्ज्ञ म्हणजे आपले बगळेबुवा. ते एका पायावर उभे राहून सल्ला देत, त्यामुळे तो सगळ्यांना खरा वाटे.

"तुमच्या पोटात कोट्यवधी जीव नांदतात," बुवा म्हणाले.

"शप्पथ सांगतो, एवढे मी खाल्ले नाहीत हो!"

"त्यांना सांभाळायला हवं. पोटस्नेही कोंबडी खा. तिखट नको, तेल नको. दुधी घाला, आल्याचा तुकडा टाका आणि मडक्यात अगदी मंद आचेवर शिजू द्या. आज चढवली की उद्या दुपारी उतरवायची."

झालं! बुधवारी सकाळी ठकूबाई कोंबडी पकडली गेली ती थेट मडक्यात. गळ्यापर्यंत हळद घातलेलं गार पाणी आणि आजूबाजूला दुधीच्या फोडी. ठकूबाईंना रडू कोसळलं. एक तर मरायचं, आणि तेही मिरचीमसाल्याविना? त्यांच्या सासरी-माहेरी आजवर कुणी असं बेचव मेलं नव्हतं.

हाडकेरावांची बायको चूल पेटवायला बसली. बाई मोठी देवभोळी. कपाळावर अंगारा, तोंडात जप. ठकूबाईंनी ते पाहिलं, डोळे पुसले आणि धीर करून विचारलं, "वहिनी, जेवायला कधी बसणार?"

"उद्या दुपारी."

"अगंबाई! उद्या गुरुवार ना?"

वहिनींच्या हातून फुंकणी गळाली. "अहो, ऐकलंत का? उद्या दत्ताचा वार! आपल्यात चालत नाही!"

"मग शुक्रवारी चढवू," हाडकेराव म्हणाले.

"ती शनिवारी होणार. मारुतीचा वार."

"रविवारी?"

"सोमवार शंकराचा. आणि सोमवारी चढवायचं तर नावच काढू नका. मंगळवार तर गणपतीचा."

हाडकेरावांनी डोकं खाजवलं. मग एकदम उडीच मारली. "शनिवारी चढवू, रविवारी खाऊ!"

"शनिवारी? माझ्या चुलीवर कोंबडी? जीभ झडेल तुमची!"

"वहिनींचं बरोबर आहे, दादा," ठकूबाई मडक्यातून म्हणाल्या. "घराला काही वळण नको?"

इतक्यात बगळेबुवा पेशंट बघायला आले. हाडकेरावांनी त्यांचे पायच धरले. म्हणजे एकच, कारण दुसरा वर होता.

"बुवा, भुकेनं जीव चाललाय. आजच्या आज होईल असं काहीतरी सांगा!"

"छे छे! घाई हाच तर तुमचा रोग. सावकाश शिजवा. येणारा श्रावण संपल्यावर खाल्लंत तरी चालेल."

ठकूबाई हळूच खोकल्या. "आजचा बुधवार मात्र फुकट चाललाय हं, दादा."

हाडकेराव बुवांकडे बघू लागले. बराच वेळ बघत राहिले.

"बुवा, तुम्हाला शिजायला किती वेळ लागतो?"

"मला? मला कशाला शिजवायचं?"

"तेच म्हणतो मी. कशाला शिजवायचं?"

आणि बाळांनो, एका घासात बुवा गडप! चोच, पिसं, सल्ला, सगळं आत. हाडकेरावांनी मोठ्ठा ढेकर दिला. आंबट नव्हता. पोट कसं एकदम निवांत झालं.

ठकूबाई मडक्यातून उतरल्या आणि त्यांनी पंख झटकले. "बराय वहिनी, येते मी."

"अगं थांब, सवाष्ण तशी जायची नाही. हळदकुंकू लावते."

"हळद मडक्यातच लागलीय सगळीकडे. नुसतं कुंकू लावा."

तात्पर्य : मंद आचेवर शिजवलेलं अन्न आरोग्याला फार चांगलं. विशेषतः त्या अन्नाच्या आरोग्याला.